माळ आणि वाटण

कोकणपट्टीतल्या घरात कुणी तुळशीची माळ घातली, की त्या घरचं जेवण बदलतं. माळकऱ्याला मासे-मटण वर्ज्य, दारू वर्ज्य. एकादशी पाळायची आणि वर्षातून एकदा तरी पंढरपूर गाठायचं. देशावरच्या ज्या घरांत एरवीही भाकरी-आमटीच शिजते, तिथे हा बदल फारसा जाणवत नाही. पण जिथे बाजारात आज काय मासळी आली यावर दुपारचा बेत ठरतो, तिथे तो रोज दोन्ही वेळेला जाणवतो. आणि सगळ्यांत आधी जाणवतो तो रांधणाऱ्या बाईला.

डोंबिवलीतल्या अशाच एका घरी मी गेल्या पावसाळ्यापासून जाते आहे. घर दोघांचंच आहे, मुलगी लग्न होऊन बेंगळुरूला असते. नावं छापू नका, असं दोघांनी सांगितलं आहे, म्हणून इथे काका आणि काकू एवढंच म्हणते. काका देवगडकडचे, काकू वेंगुर्ल्याच्या. काका एसटीच्या हिशेब विभागातून निवृत्त झाले आणि त्यानंतरच्या कार्तिकीला त्यांनी माळ घातली. आषाढीच्या सुमारास कोकणात भातलावणीची घाई असते, त्यामुळे तिकडचे पुष्कळ वारकरी कार्तिकीची वारी धरतात. काकांच्या वडिलांचीही तीच वारी होती. घरी परतल्यावर काकूंनी जे विचारलं ते काका आजही जसंच्या तसं सांगतात: "माळ तुमी घातलास, पण रांदतलंय तर मियांच मां?"

या प्रश्नात मला मोठा न्याय दिसतो. घरातल्या एकाने व्रत घेतलं, की त्याचे कष्ट बहुतेक वेळा दुसऱ्याच्या वाट्याला येतात. उपासाचे पदार्थ, पथ्याचं जेवण, सोवळ्याचा स्वयंपाक हे सगळं आपल्याकडे बायकांनीच उभं केलं. केंद्र सरकारच्या सांख्यिकी कार्यालयाने २०१९ साली लोक आपला दिवस कसा घालवतात याची देशभर पाहणी केली. घरकाम करणाऱ्या बायका त्या कामात दिवसाला सरासरी २९९ मिनिटं घालवतात आणि पुरुष ९७, असं त्यात आढळलं. आणि ही ९७ मिनिटंही जे पुरुष घरकामाला हात लावतात त्यांचीच. असे पुरुष होते जेमतेम चारातले एक. काका त्या उरलेल्या तिघांपैकी होते. एसटीतल्या नोकरीत डबा घेऊन सकाळी निघायचं आणि रात्री ताटावर बसायचं, इतकाच त्यांचा स्वयंपाकघराशी संबंध. काकूंच्या प्रश्नावर त्यांना उत्तर सुचलं नाही, पण दुसऱ्या दिवसापासून ते नारळ खवायला बसू लागले. पुढचं सगळं त्या खवणीवरून सुरू झालं.

काकूंनी स्वतः मासे सोडलेले नाहीत. माहेरी गेल्या की त्या मनसोक्त खातात आणि त्याबद्दल काकांच्या मनात तिळभरही किल्मिष नाही. घरी मात्र एकटीसाठी वेगळा रस्सा करायचा त्यांना कंटाळा येतो. शिवाय दोघांनी एकाच पातेल्यातलं जेवावं, असा त्यांचा जुना शिरस्ता आहे. म्हणजे घरात शिजणार ते शिवराकच, शाकाहारी. मग नुसत्या वरण-भात-भाजीवर आयुष्य काढायचं की काही नवं शोधायचं? दोघांनी शोधायचं ठरवलं. काकांच्या हातात हिशेबाची सवय होती, त्यांनी वही घातली. डाव्या पानावर साहित्य आणि माप, उजव्या पानावर काकूंचा शेरा. माप वाटी-चमच्यांतच. मराठी स्वयंपाकघराला मापाची ही शिस्त ज्या पुस्तकाने लावली ते कमलाबाई ओगले यांचं 'रुचिरा' १९७० साली आलं. काकूंच्या लग्नात आलेली त्याची प्रत अजून ओट्याशेजारच्या फळीवर आहे, हळदीच्या बोटांनी पिवळी पडलेली.

पहिल्यांदा त्यांनी केलं ते बहुतेक जण करतात तेच: माशाच्या जागी दुसरं काहीतरी घालून तोच पदार्थ. सोयाबीनचे गोळे आणून तिखल्यात, म्हणजे माशाच्या तिखट-आंबट रस्शात, सोडले. पनीरचे तुकडे सुरमईसारखे कापून तळले. वहीच्या उजव्या पानावर या दोन्हींपुढे काकूंचा शेरा आहे, "मासो नाय तर नाय. तेचा सोंग कित्याक?" मला हा शेरा त्या वहीतला सर्वांत शहाणपणाचा वाटतो. सोंग करणारा पदार्थ खाणाऱ्याला घासागणिक, काय नाही याचीच आठवण करून देतो. सोयाबीनच्या गोळ्यांचं तसंच झालं. रस्सा वेगळा आणि गोळा वेगळा लागतो. पनीर तळल्यावर चिवट झालं. दोन्ही बाद झाले.

त्यानंतर काकूंना जे सुचलं ते या लेखाचं खरं निमित्त आहे. त्या म्हणाल्या, आपल्याकडे वर्षभर मासे कुठे असतात? महाराष्ट्राच्या किनाऱ्यावर १ जून ते ३१ जुलै यांत्रिक नौकांना मासेमारीची बंदी असते. ती संपते न संपते तोच श्रावण. मग गणपती. त्याशिवाय सोमवार आहे, गुरुवार आहे, एकादशी, संकष्टी आहे. गावच्या देवाची जत्रा आणि पालखी आहे. एवढ्या दिवसांत मालवणी आणि गोव्याकडच्या बायका हात बांधून बसल्या नव्हत्या. त्यांनी त्याच खोबऱ्यातून, त्याच कोकमातून, त्याच तिरफळातून शिवराक जेवणाची एक पुरी शाखा उभी केली. डोंबिवलीत आल्यावर मासे रोज मिळू लागले आणि ती शाखा मागे पडली, एवढंच. तेव्हा शोधायचं ते त्या शाखेत.

आणि शोधताना त्यांच्या ध्यानात आलं, की मालवणी जेवणाची चव पुष्कळशी वाटणात आहे. खोबरं किती भाजायचं, कांदा कच्चा की करपण्याच्या अलीकडे आणलेला, आंबटाला कोकम की चिंच की कैरी, मिरची सुकी की हिरवी, तिरफळ घालायचं की नाही, यांवर रस्शाचा स्वभाव ठरतो. मासा त्यात येतो तो शेवटच्या काही मिनिटांत. म्हणजे मासा गेला तरी चवीचा मोठा भाग घरातच उरतो. मात्र त्या वाटणात जी भाजी पडेल तिचा स्वभाव ओळखून तिला वागवावं लागतं. मासा पाच-सात मिनिटांत शिजतो, सुरण तेवढ्यात शिजत नाही. मासा रस्शाला स्वतःची चव देतो, कच्चं केळं मात्र रस्शाची चव घेतं. हे लक्षात आल्यावर वहीची उजवी पानं हळूहळू आनंदी होत गेली.

तिरफळाचंच बघा. बांगड्याच्या तिखल्यात ते हवंच, असं आपण धरून चालतो. पण गोव्याच्या खतखत्यातही ते तितकंच हवं असतं, आणि खतखतं हा तर देवळातल्या आणि लग्नातल्या शिवराक पंगतीचा मानाचा पदार्थ. सुरण, रताळं, मुळा, मक्याच्या कणसाचे तुकडे, शेवग्याच्या शेंगा, मिळाली तर कणगी आणि नीरफणस, असं जे दिवसाला साजेल ते तूरडाळीत शिजतं. वर ओल्या खोबऱ्याचं वाटण, गूळ, कोकमाची सोलं आणि ठेचलेली तिरफळं. तिरफळाची बी काढून टाकायची आणि फक्त टरफल घ्यायचं. ते वाटायचं नाही, किंचित कुटून रस्शात सोडायचं. वाटलं तर कडवटपणा येतो. आणि त्यावर फोडणी नाही. काका सांगतात, फोडणीशिवाय पदार्थ पुरा होतो यावर त्यांचा विश्वास बसत नव्हता. मी त्या घरी खतखतं खाल्लं तेव्हा पावसाळी हवा होती, सोबत उकड्या तांदळाचा भात होता. मला तरी त्या पानात काही कमी जाणवलं नाही.

कापांवर या दोघांनी फार मेहनत घेतली आहे. माशाचे तुकडे जसे मसाला लावून, रव्यात घोळवून तव्यावर भाजतात, तसेच भाज्यांचे. वांग्याचे काप सगळ्यांना ठाऊक असतात. खरी परीक्षा सुरणाची. सुरणात कॅल्शियम ऑक्झलेटचे सुईसारखे बारीक स्फटिक असतात, तेच घशाला खाजवतात. म्हणून चिरण्याआधी हाताला तेल, चिरल्यावर फोडी कोकमाच्या किंवा चिंचेच्या पाण्यात, मग अर्धवट वाफवून निथळायच्या आणि त्यानंतर हळद, तिखट, मीठ, कोकमाचं आगळ लावून ठेवायच्या. तांदळाचं पीठ आणि बारीक रवा निम्मे-निम्मे. काकूंच्या मते निव्वळ रव्याने काप टोचरे होतात. कच्च्या केळ्याला वाफवायचं नाही, पण काप सुरणापेक्षा पातळ हवेत. या सगळ्यांत सरस नीरफणसाचे. बाहेरून खुटखुटीत, आत लोण्यासारखे. नीरफणस डोंबिवलीत सहज मिळत नाही. गावाहून कुणी येणार असलं, की काकांचा फोन जातो, येताना आंबे नकोत, नीरफणस आणा. ऐन मे महिन्यात देवगडच्या माणसाने आंबे नकोत म्हणावं, यावरून त्या कापांची थोरवी कळावी.

एक गोष्ट मात्र बरेच दिवस साधत नव्हती. सुक्या जवळ्याची चटणी, सुकटीचं तिखट यांत जो एक खोल, जिभेवर रेंगाळणारा स्वाद असतो, तो भाजीत उतरेना. याचं उत्तर रसायनशास्त्रात आहे. १९०८ साली टोकियोतले किकुनाए इकेदा यांनी कोंबू नावाच्या समुद्री शेवाळाच्या काढ्यातून ग्लुटामेट वेगळं काढलं. गोड, आंबट, खारट, कडू यांच्यापेक्षा निराळ्या त्या चवीला त्यांनी उमामी म्हटलं. सुक्या मासळीत हीच चव देणारं इनोसिनेट असतं. वाळवलेल्या अळंबीत ग्वानिलेट असतं, आणि पिकलेल्या टोमॅटोत ग्लुटामेट भरपूर. ही द्रव्यं एकत्र आली की चव नुसती बेरजेने वाढत नाही, कित्येक पटींनी वाढते. ही माहिती मुलीने बेंगळुरूहून फोनवर सांगितली. काकांनी बाजारातली धिंगरी अळंबी आणून गच्चीत कडकडीत वाळवली, कोरडीच भाजून भरड केली. खोबरं, लसूण, सुकी मिरची, कोकम आणि भाजलेला टोमॅटो यांच्या चटणीत ती भरड गेली. काकूंचा शेरा: "ही जवळ्याची नव्हे. पण ही आपल्याला होयी." सोंग न करता स्वतःच्या पायावर उभा राहिलेला पदार्थ तो हाच.

अळंबीबद्दल एक सांगणं आवश्यक आहे. कोकणात आणि गोव्यात पावसाळ्यात वारुळांवर उगवणारी रानअळंबी मोठ्या आवडीने खातात. पण तिची ओळख पिढ्यान्‌पिढ्या ती गोळा करणाऱ्यांनाच असते. विषारी अळंबी शिजवल्याने निर्विष होत नाही. शहरातल्या माणसाने बागेत दिसलेली छत्री उचलून आणू नये. काका-काकू विकतचीच वापरतात.

रानभाज्या मात्र ते बिनधास्त आणतात, कारण विकणाऱ्या बायका जाणत्या असतात. पहिला पाऊस पडला की मुरबाड, शहापूर, कर्जतकडच्या आदिवासी बायका कल्याण-डोंबिवलीच्या स्टेशनांबाहेर शेवळं, टाकळा, कुर्डू, कंटोळी घेऊन बसतात. शेवळांची जुडी घेतली, की त्या बरोबर चार हिरवी आंबट फळं देतात. ती काकडं. शेवळंही सुरणाच्याच कुळातली, त्यामुळे खाजरी, आणि काकडांचा आंबट रस ती खाज मारतो. शेवळाच्या आतल्या दांड्याचा खालचा पिवळा भाग काढून टाकायचा, बाकीचं बारीक चिरून तेलात चांगलं परतायचं, मग काकडांचा रस. ठाण्या-रायगडातल्या सीकेपी आणि पाठारे प्रभू घरांत शेवळं कोलंबीत किंवा खिम्यात पडतात. काकूंनी ती सोललेल्या वालांत घातली, खाली मालवणी वाटण. तळकोकणातल्या बाईने उत्तर कोकणातली भाजी आपल्या मसाल्यात रांधली. असल्या सोयरिकी शहरातच जुळतात, आणि मला त्या फार मोलाच्या वाटतात. पीठ-मसाल्याच्या कंपन्यांनी सगळ्या महाराष्ट्राची एकच भाजी करून टाकायला घेतली असताना, एका इमारतीतल्या दोन घरांनी एकमेकांची चव शिकावी, यासारखी दुसरी राखण नाही.

तशीच एक शिकवणी वरच्या मजल्यावर झाली. तिथल्या वहिनी नागपूरच्या. त्यांच्याकडून पाटवडीचा रस्सा खाली आला. बेसन शिजवून घट्ट गोळा करायचा, ताटात थापायचा, वड्या पाडायच्या. रस्सा खसखस, सुकं खोबरं आणि काळ्या मसाल्याचा, वर तेलाचा तवंग. वड्या रस्शात आधी टाकून ठेवल्या तर विरघळतात, म्हणून पान वाढताना टाकायच्या. काकूंना त्यातलं तेलाचं प्रमाण मानवेना, ते त्यांनी कमी केलं. वहिनींनी त्यावर नापसंती दाखवली आणि ती नोंदही वहीत आहे. जळगावकडच्या एका पाहुणीने शेवभाजी आणि कळण्याची भाकरी शिकवली. त्यांवर मी फार लिहीत नाही, कारण ते पदार्थ आता सगळीकडे पोचले आहेत.

आहाराबद्दल मात्र लिहिलं पाहिजे. मासे सोडताना माणूस चवीचा विचार करतो, शरीराचा करत नाही. जीवनसत्त्व ब-१२ वनस्पतीजन्य अन्नातून मिळत नाही. शाकाहारी माणसाला ते दूध, दही, ताक यांतून घ्यावं लागतं आणि साठीच्या पुढे शरीर ते नीट शोषत नाही. काकांना थकवा आणि पायाला मुंग्या येऊ लागल्या, तपासणीत ब-१२ कमी निघालं, डॉक्टरांनी औषध दिलं आणि ते बरे झाले. भात आणि डाळ एकत्र खाण्यामागे प्रथिनांचं गणित आहे. धान्यात लायसिन कमी पडतं ते डाळ पुरवते, डाळीत मेथिओनिन कमी ते धान्य पुरवतं. पालेभाजीतलं लोह शरीराला लवकर लागत नाही, शेजारी लिंबू असलं तर अधिक लागतं आणि जेवणावर लगेच चहा घेतला तर कमी. नाचणीच्या शंभर ग्रॅमला साडेतीनशे मिलिग्रॅमच्या आसपास कॅल्शियम असतं. माशांतून मिळणाऱ्या ओमेगा-३ स्निग्धांची भरपाई जवस पूर्ण करू शकत नाही, काही अंशी करतं. म्हणून जवसाची चटणी त्या घरात रोज असते. माळ घालणाऱ्या प्रत्येकाने निदान ब-१२ची तपासणी करून घ्यावी, असं मी आग्रहाने सांगेन.

आता त्या घरात स्वयंपाक कसा होतो ते पाहण्यासारखं आहे. नारळ खवणं, वाटण भाजणं, मिक्सर लावणं काकांकडे. फोडणी, मीठ आणि आंबट काकूंकडे. भाकऱ्या काकूंच्याच, काकांना अजून जमत नाहीत. मधेच काका पळी पुढे करतात, "गो, जरा चाखान बघ." काकू तळहातावर थेंब घेतात, चाटतात, "मीठ बरा हा, सोल अजून एक टाका," म्हणतात. चाखणारी दुसरी जीभ नसेल तर नवा पदार्थ सुधारत नाही. एकट्या बाईने रांधावं आणि बाकीच्यांनी "छान झालंय" किंवा "पूर्वीसारखं नाही" एवढंच म्हणावं, यात कुठलाच पदार्थ पुढे जात नाही. त्या वहीत पदार्थ सुधारले, कारण भाजताना खोबरं किती तांबूस झालं होतं हे दोघांनीही डोळ्यांनी पाहिलेलं असतं. भांडणंही होतात. तिरफळाच्या संख्येवरून झालेलं एक मी ऐकलं आहे.

लक्ष्मीबाई धुरंधर यांचं 'गृहिणी-मित्र अथवा हजार पाकक्रिया' हे पुस्तक १९१० सालचं. त्याच्या नावातच ते कुणासाठी आहे हे लिहिलेलं आहे. शंभराहून अधिक वर्षांनी डोंबिवलीतल्या एका घरात पाककृतीची वही एका निवृत्त हिशेबनीसाच्या अक्षरात आहे, हा बदल मला लहान वाटत नाही.

वाचकांना एक विनंती आहे. तुमच्या घरी सोमवारी, श्रावणात, गावच्या जत्रेला जो शिवराक स्वयंपाक होत असे, तो आईला, सासूला, आत्याला विचारून मापासकट लिहून ठेवा. सांगणाऱ्या बायका वयस्क होत चालल्या आहेत. "अंदाजाने घालायचं" असं त्या म्हणतील, तेव्हा वाटी पुढे करा. आणि लिहिण्याचं काम घरातल्या पुरुषाने घ्यावं.

सुरुवात काळ्या वाटाण्याच्या सांबाऱ्याने करा. दोन वाट्या काळे वाटाणे रात्रभर भिजवा, मीठ घालून मऊ शिजवा. दोन कांदे उभे चिरून आणि वाटीभर खोबरं तेलावर खमंग तांबूस भाजा, लसूण-आल्याबरोबर बारीक वाटा, त्यातच शिजलेले वाटाणे पळीभर वाटून घ्या म्हणजे रस्सा दाट होतो. तेलात मालवणी मसाला, वाटण, मग वाटाणे, आणि मंद आचेवर निवांत उकळी. बरोबर आंबोळ्या किंवा वडे. काळे वाटाणे मुंबई-ठाण्याच्या कोणत्याही कोकणी मालाच्या दुकानात बारा महिने मिळतात.